छतातील स्पीकरचा आवाज येतो-जातो : छत फोडण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेल्या स्पीकरच्या बिघाडाची लक्षणे मोजकीच आहेत, पण ती एकमेकांत मिसळून सांगितली जातात आणि मग तपासणी भलत्याच टोकापासून सुरू होते. सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की चार किंवा सहा स्पीकरपैकी एकच स्पीकर मधूनच गप्प होतो, काही वेळाने आपोआप सुरू होतो आणि सुरू होताना खरखरतो. दार जोरात लागले किंवा आवाज वाढवला की हे येणे-जाणे वाढते. दुसरे लक्षण अ‍ॅम्प्लिफायरचे : थोडा वेळ वाजून तो स्वतःच बंद होतो आणि त्याच्या पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ (बचावासाठी स्वतःला बंद केल्याची खूण) अशी सूचना दिसते. तिसरे लक्षण म्हणजे सगळे स्पीकर वाजतात, परंतु आवाज पातळ किंवा दबका येतो. चौथे, ढोलकीच्या किंवा ढोलाच्या थापेला छत कडकडते. पाचवे, काहीही लावलेले नसताना सतत घुमल्यासारखा आवाज येत राहतो.

यांपैकी पहिले लक्षण दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा उद्भवते, म्हणून येथे त्यालाच अधिक जागा दिली आहे. हे काम सातत्याने करताना माझ्या पाहण्यात आले आहे की अशा तक्रारीत स्पीकर स्वतः क्वचितच दोषी असतो. दोष वायरीच्या दोन टोकांपैकी एका टोकाला असतो. एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे आणि दुसरे छताच्या वर. याचे कारण आपल्याकडील फ्लॅटमध्ये काम ज्या क्रमाने होते त्यात आहे. वायरमन वायर ओढतो तेव्हा छताचा सांगाडाही उभा नसतो. त्यानंतर चॅनल (सांगाड्याच्या धातूच्या पट्ट्या), जिप्सम बोर्ड, पुट्टी आणि रंग असे एकेक काम होत जाते आणि स्पीकर सर्वांत शेवटी, कधी कधी तर मंडळी राहायला आल्यानंतर बसतात. तोवर सोडून ठेवलेले वायरीचे टोक कुठे चॅनलखाली दबलेले असते, तर कुठे वीतभर आखूड पडते. आखूड पडलेल्या वायरीला दुसरा तुकडा नुसता पीळ देऊन जोडला जातो, वर काळी टेप गुंडाळली जाते आणि स्पीकर वर ढकलला की तो जोड पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उन्हाळ्यात, विशेषतः शेवटच्या मजल्यावर, स्लॅब आणि बोर्ड यांमधील पोकळी चांगलीच तापते. टेपचा चिकटा पातळ होऊन ती सुटते, पीळ सैल होतो आणि पुढे स्पीकरच्या स्वतःच्याच कंपनाने जोड लागतो व तुटतो. अशा ठिकाणी नवा स्पीकर आणून बसवला तरी काही आठवड्यांत तीच तक्रार परत येणार, हे उघड आहे.

पहिली तपासणी बसल्या जागी करता येते आणि तिला काहीच खर्च नाही. रिमोटवरून बॅलन्स मध्यावर आहे का, अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकरचे ‘ए’ आणि ‘बी’ असे गट असल्यास योग्य गट निवडला आहे का, आणि त्या खोलीचा झोन चालू आहे का, हे पाहावे. छतातील स्पीकर सिनेमाचा आवाज डोक्यावरूनही ऐकवणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या उंचीवरील चॅनलसाठी जोडलेले असतील, तर साधे स्टिरिओ गाणे स्टिरिओ पद्धतीने लावल्यावर ते गप्प राहणे हा बिघाड नव्हे. त्या चॅनलसाठी गाण्यात ध्वनीच नसतो. बहुतेक रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) एकेका स्पीकरला क्रमाने खूण-ध्वनी पाठवण्याची सोय असते. ती वापरून पाहावी, कारण गाणे ऐकून काढलेल्या अनुमानापेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे.

दुसरी तपासणी अदलाबदलीची. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याचा प्लग सॉकेटमधून काढावा, मागील बाजूच्या डाव्या व उजव्या स्पीकरच्या वायरी आपापसांत बदलाव्यात आणि पुन्हा तेच गाणे लावावे. पूर्वी छताचा डावा स्पीकर गप्प होत असेल आणि आता उजवा गप्प होऊ लागला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याला येणाऱ्या केबलमध्ये आहे आणि शिडी काढण्याचे कारणच उरत नाही. अदलाबदल करूनही डावाच गप्प होत असेल, तर दोष त्या वायरीत, जोडात किंवा स्पीकरमध्ये आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने निम्मी शक्यता बाद होते, तरीही ती वगळून थेट छताला हात घातलेला मी वारंवार पाहिला आहे.

याच वेळी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील टर्मिनलकडे टॉर्च लावून नीट पाहावे. स्पीकरची वायर अनेक बारीक तारांची असते आणि त्यांपैकी केसाएवढी एक तार जरी बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली, तरी शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर प्रोटेक्टमध्ये जातो. उलट, वायरीचे प्लॅस्टिक पुरेसे सोललेले नसेल तर स्क्रू तांब्यावर न बसता प्लॅस्टिकवर आवळला जातो. वरून सगळे घट्ट दिसते, पण आवाज मात्र येतो-जातो. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या, दमट हवेमुळे उघड्या तांब्यावर काळपट किंवा हिरवट थर लवकर चढतो. असे टोक कापून टाकावे, सुमारे एक सेंटिमीटर नवीन टोक सोलावे, सगळ्या तारा एकत्र पिळाव्यात आणि मग टर्मिनल आवळावे. जुने टोक घासून पुन्हा वापरण्यात वाचते फक्त बोटभर वायर.

येथे दोष सापडला नाही तर पेन्सिल सेल घ्यावा. अ‍ॅम्प्लिफायरकडील संशयित वायरीची लाल व काळी अशी दोन्ही टोके सोडवून ती १.५ व्होल्टच्या साध्या सेलला क्षणभर टेकवावीत आणि लगेच काढावीत. वर स्पीकरमधून स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला, तर वायर आणि वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाची) कॉइल सलग आहेत. काहीच ऐकू आले नाही तर कुठेतरी तुटलेले आहे. अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असताना हा प्रयोग करू नये, कारण मग सेलचा प्रवाह त्याच्या आउटपुटमध्येही शिरतो.

त्याच टोकांना मल्टिमीटर लावला तर अधिक कळते. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर बहुधा ६ ते ७ ओहम दाखवतो, कारण मल्टिमीटर फक्त कॉइलचा एकदिश प्रवाहाला होणारा रोध मोजतो. ४ ओहमचा स्पीकर तीन-साडेतीनच्या आसपास दाखवतो. त्यात वायरीचा रोध मिळवावा लागतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो, म्हणजे १५ मीटर अंतरावरच्या स्पीकरसाठी जाऊन-येऊन ३० मीटर वायरीला ०.४ ओहम. तेवढ्याच अंतरासाठी ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर ओढली असेल तर हाच आकडा १.२ ओहमच्या जवळ जातो, आणि आवाज पातळ येण्याचे ते एक कारण ठरते. मल्टिमीटर अर्ध्या ओहमच्या आसपास दाखवत असेल तर वायर शॉर्ट आहे आणि आकडाच येत नसेल तर सर्किट तुटलेले आहे.

मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात एकदा घेतलेले माप फसवे असते, कारण नेमक्या त्या क्षणी जोड लागलेला असू शकतो. म्हणून एकाने मल्टिमीटर धरून ठेवावा आणि दुसऱ्याने केरसुणीच्या दांड्याने स्पीकरच्या आजूबाजूच्या बोर्डावर हलकेच ठोकावे. ६.८ वर स्थिर असलेला आकडा ठोकताना नऊवर, मग चाळीसवर आणि मग ‘ओपन’वर गेला, की सैल जोड सापडलाच समजावे. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी : द्विमार्गी स्पीकरमध्ये, म्हणजे वूफर आणि वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर असे दोन भाग असलेल्या स्पीकरमध्ये, ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो आणि तो एकदिश प्रवाह अडवतो, त्यामुळे सेल आणि मल्टिमीटर हे दोन्ही फक्त वूफरबद्दल सांगतात. माप बरोबर येऊनही आवाज दबका असेल तर ट्वीटर जळालेला असण्याची शक्यता शिल्लक राहते. ट्वीटर बहुतेक वेळा लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे, आवाज फाटेपर्यंत चढवल्यामुळे जळतो.

आता शिडी काढावी, पण स्क्रूड्रायव्हर इतक्यात नको. प्रथम जाळी पाहावी. दिवाळीपूर्वी घराला रंग दिला गेला असेल आणि त्यानंतर आवाज दबका झाला असेल, तर रंगाऱ्याने छताबरोबर जाळीवरूनही रोलर फिरवलेला असतो आणि तिची बारीक छिद्रे बुजलेली असतात. हे खालून मुळीच दिसत नाही; जाळी काढून खिडकीसमोर धरली की कळते. बहुतेक नव्या स्पीकरच्या जाळ्या लोहचुंबकाने धरलेल्या असतात. त्या बारीक आकड्याने छिद्रातून ओढून काढाव्यात. स्क्रूड्रायव्हरने कडेला तरफ दिली की कड वाकते आणि ती पुन्हा सपाट बसत नाही. बुजलेली जाळी टाचणीने साफ करण्यापेक्षा नवी घेणे श्रेयस्कर, आणि रंग द्यायचाच असेल तर जाळी उतरवून, आतील कापड काढून, स्प्रेने पातळ हात द्यावेत.

जाळी निघालेलीच आहे तर दोन्ही अंगठ्यांनी वूफरचा कोन (कंप पावणारा शंकूसारखा पडदा) कडेजवळ समतोल दाबून पाहावा. तो निःशब्द आत-बाहेर झाला पाहिजे. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा तिच्या फटीत पुट्टी घासताना उडालेली भुकटी शिरली आहे. छताचे घासकाम चालू असताना स्पीकर आधीच बसवून ठेवण्याची घाई झाली असेल तर हे हमखास होते. अशा स्पीकरवर घरी उपाय नाही. कोन दाबल्यावर गप्प स्पीकर वाजू लागत असेल, तर कोनाकडे जाणारी लवचीक वेणीसारखी तार तुटत आली आहे. तो स्पीकरमधलाच दोष आहे आणि स्पीकर दुरुस्त करणारा कारागीर ती तार बदलून देऊ शकतो.

यानंतरच स्पीकर खाली उतरवावा. त्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग आणि त्या खोलीच्या दिव्यांचा एमसीबी बंद करावा, कारण त्याच भोकातून हात घातल्यावर दिव्यांच्या वायरी आणि एलईडीचे ड्रायव्हर हाताला लागतात. दिवा लागत नाही एवढ्यावर विसंबू नये, टेस्टरने खात्री करावी. पोकळीत काचलोकर घातलेली असेल तर मास्क आणि हातमोजे घालावेत. स्पीकरच्या कडेला तीन किंवा चार स्क्रू असतात आणि ते उलटे फिरवले की बोर्डाला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे कान आत वळतात. हे काम हातातील स्क्रूड्रायव्हरनेच करावे. ड्रिल मशीनने स्क्रू फिरवण्याचा मोह आवरावा, कारण परत आवळताना कान तुटतात किंवा १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाची कड चुरगळते, आणि मग स्पीकर धरून ठेवायला काहीच उरत नाही. स्पीकर खाली घेताना त्याचे वजन एका हातावर तोलून धरावे. तो वायरीला लोंबकळू देऊ नये.

आता जोड समोर येतो. टेप चिकट, काळपट आणि अर्धवट सुटलेली असते, आत तांब्याचा रंग गेलेला असतो आणि हलकेच ओढले की दोन्ही तुकडे वेगळे होतात. त्यावर नवीन टेप गुंडाळणे म्हणजे तीच तक्रार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलणे होय. शक्य असेल तर जोड काढूनच टाकावा, म्हणजे मूळ वायर थोडी पुढे ओढून थेट स्पीकरच्या टर्मिनलला जोडावी. ती पुरत नसेल तर दोन्ही टोके कापून नवी करावीत आणि खटका दाबून बसणारा लिव्हरचा कनेक्टर वापरावा, किंवा सोल्डरिंगचा डाग देऊन वर आकसणारी स्लीव्ह चढवावी. स्पीकरमागे हातभर वायरीचा वेटोळा ठेवावा आणि वायर स्पीकरच्या चौकटीला झिप-टायने बांधावी, म्हणजे तिचा ताण टर्मिनलच्या स्प्रिंगवर येत नाही. नवीन तुकडा जोडताना वायर खरोखर तांब्याची आहे का, हे एक तार ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरी चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. तिचा रोध जास्त असतो आणि वाकवलेल्या जागी ती लवकर तुटते.

लाल-काळ्याची उलटापालट याच टप्प्यावर दुरुस्त होते. एकाच खोलीतील दोन स्पीकरपैकी एकाची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी असेल तर दोन्ही वाजतात, पण खालचे सूर एकमेकांना मारतात आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता पसरतो. जाळी काढलेल्या स्थितीत वर सांगितलेला सेलचा प्रयोग करावा : सेलचे धन टोक लाल वायरीला लावल्यावर दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

जोड ठीक असूनही दोष कायम असेल तर स्पीकरला वायरीचा एक वेगळा तुकडा खालून थेट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत, जमिनीवरून, तात्पुरता जोडून पाहावा. त्यावर तो नीट वाजला तर भिंतीतील किंवा छतातील वायरच खराब आहे. ती उंदरांनी कुरतडलेली असते, चॅनलच्या स्क्रूने भोसकलेली असते किंवा पोकळी जेमतेम चार इंच असल्यामुळे स्पीकरचे चुंबक आणि स्लॅब यांमध्ये चेपलेली असते. शेवटची दोन कारणे स्पीकरच्या भोकातून टॉर्च मारून बहुधा दिसतात. वायर कन्ड्युइटमध्ये (वायरीच्या नळीत) मोकळी असेल तर जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून ओढता येते; अडकली तर जोर लावू नये.

उरलेल्या लक्षणांविषयी थोडक्यात. प्रोटेक्टची तक्रार असल्यास सर्व स्पीकरच्या वायरी सोडून अ‍ॅम्प्लिफायर एकटाच चालू करावा. तो तसाही प्रोटेक्टमध्ये गेला तर दोष त्याच्या पोटात आहे. गेला नाही तर दर वेळी तो बंद करून एकेक स्पीकर जोडत जावे. ज्या जोडणीनंतर तो बंद पडेल तिथे शॉर्ट आहे. सगळे जोडेपर्यंत ठीक आणि आवाज वाढवल्यावर बंद, असे असेल तर किती स्पीकर समांतर जोडले आहेत ते मोजावे : ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४ ओहम, चार समांतर म्हणजे २ ओहम, आणि घरगुती रिसीव्हर सहसा ४ किंवा ६ ओहमच्या खाली चालवण्यासाठी बनवलेले नसतात. छत कडकडत असेल तर मोबाइलवरील टोन जनरेटर अ‍ॅपने याच स्पीकरवर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्यावा आणि कडकडणाऱ्या सुरावर थांबून शेजारचा एलईडी दिवा, एसीची जाळी, बोर्डाचा जोड असे एकेक बोटाने दाबून पाहावे. गुन्हेगार बहुतेकदा दिव्याची स्प्रिंग निघते. रिसीव्हरमध्ये त्या स्पीकरचा प्रकार ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर त्या स्पीकरला पाठवले जात नाहीत ती मर्यादा) ८० हर्ट्झवर आणल्यानेही छतावरचा ताण बराच कमी होतो, मात्र त्यासाठी सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) हवा. घुमल्यासारखा आवाज येत असेल तर प्रथम सेट-टॉप बॉक्सची केबल काढून आणि मग दिव्यांचा डिमर बंद करून पाहावा. तो आवाज थांबवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये.

पुढील परिस्थितीत मात्र हात थांबवावा. जळाल्याचा वास येत असेल किंवा वीजपुरवठ्याच्या वायरींचे उघडे जोड छतात दिसत असतील, तर एमसीबी बंदच ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे. स्पीकरची वायर आणि २३० व्होल्टची वायर एकाच कन्ड्युइटमधून ओढलेली आढळली तरीही तेच करावे, मग स्पीकर वाजत असो वा नसो. बोर्डावर पिवळट डाग, फुगवटा किंवा ओल असेल तर आधी एसीची ड्रेन पाइप किंवा वरच्या मजल्याची गळती प्लंबरकडून थांबवावी आणि छताच्या कारागिराकडून चॅनल गंजले आहेत का ते पाहून घ्यावे. भिजलेला जिप्सम बोर्ड स्पीकरचे वजन पेलत नाही. स्पीकर सोडवलेले असतानाही प्रोटेक्टमध्ये जाणारा अ‍ॅम्प्लिफायर घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठे कपॅसिटर भारित असतात.

स्पीकरच्या मागे ट्रान्सफॉर्मर आणि ३, ६, १० वॅट अशा खुणांचा स्विच दिसला तर तो १०० व्होल्ट लाइनचा स्पीकर आहे, जो दुकाने, सभागृहे आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वापरतात. साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो अगदी क्षीण वाजतो. उलट ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या लाइनवर थेट जोडला तर तो जळतो, आणि त्या लाइनच्या उघड्या टर्मिनलचा झटकाही बसतो. हे मिश्रण आढळल्यास ऑडिओचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे आणि बोलावताना अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर या दोन्हींच्या मागील लेबलचे फोटो पाठवावेत, म्हणजे तो योग्य सामान घेऊन येईल.

दुरुस्ती झाल्यावर जाळी लगेच बसवू नये. नेहमीच्या आवाजापेक्षा थोड्या चढ्या आवाजात तासभर वाजवावे, त्या अवधीत बोर्डावर दोन-चारदा ठोकून पाहावे, स्पीकरचे स्क्रू हाताने पुन्हा तपासावेत आणि छतातील जोडाचा फोटो काढून ठेवावा.